निष्पाप पिठीसाखर

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला नातेवाईक कधी कमी पडत नाहीत. कुणाला चप्पल हवी असते, कुणाला कांदा-लसूण मसाला, कुणाला अंबाबाईचं दर्शन हवं असतं आणि त्यासाठी दोन रात्री टेकायला घर. या यादीत गूळ पूर्वी शेवटच्या नंबरावर होता. संक्रांतीच्या आधी एखादा फोन यायचा, "चिक्कीचा नको हं, पोळीचा पाठव," एवढ्यावर विषय संपायचा. गेल्या काही वर्षांत मात्र गुळाने चपलेलाही मागे टाकलंय, आणि मागणीसुद्धा साधी राहिलेली नाही. गूळ हवा, पण पिवळा नको. सेंद्रिय हवा, पण त्यात उसाची कुसळं नकोत. जमलं तर पावडरच हवी, पण बाजारातली नको, कारण तिच्यात काय काय असतं कुणाला ठाऊक!

या मागणीचा माग काढत गेलं की माणूस आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात पोचतो. वहिनी पुण्याला असतात. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी घरच्या घरी केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. पण पुण्यात नुसते केक करून भागत नाही, भूमिका घ्यावी लागते. त्यांची भूमिका डब्यावरच्या लेबलावरच छापलेली आहे : नो मैदा, नो रिफाइंड शुगर, नो गिल्ट. "मैदा काढला, साखर काढली, की डब्यात गिल्टच तेवढं उरतं," असं दादा म्हणतो. अर्थात हे तो बाल्कनीत जाऊन म्हणतो.

साखर काढायची याचा अर्थ गोड काढायचं असा नाही. गोड तेवढंच ठेवायचं आणि साखरेचं नाव काढायचं. इथे गूळ कामाला येतो. आमटीत किंवा पुरणात गूळ घालायला फारशी अक्कल लागत नाही; खडा टाकला, विरघळला, संपलं. नानकटाईचं तसं नाही. तिथे आधी तूप आणि पिठीसाखर फेसायची असते, चांगली हलकी आणि पांढरीफटक होईपर्यंत. त्यात पाणी नाही, दूध नाही. गोडाने विरघळायचं कशात? दाणा जाड राहिला तर तो ओव्हनमध्ये उशिरा वितळतो आणि गोल गरगरीत नानकटाईची चकती होऊन ती शेजारणीला जाऊन चिकटते. म्हणून साखर पिठासारखी हवी.

पांढऱ्या साखरेची पिठी करणं हा पोरखेळ. कोरडी साखर मिक्सरमध्ये घातली, फिरवली, चाळली. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीन ते पाच टक्के कॉर्नफ्लोअर असतं. घरी वाटीला चमचाभर टाकलं की काम भागतं. गुळाची पिठी करायची म्हणजे मात्र त्याच्या स्वभावाशीच भांडण. त्याच्या अंगात मुळात ओल असते, शिवाय साखरेचं रूप पालटून झालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वाटायला जावं तर पात्याच्या गरमीने तो मऊ पडतो. मऊ पडला की चिकटतो, आणि एकदा चिकटला की सोडत नाही.

गंमत अशी की माणसाने शतकानुशतकं नेमकं याच्या उलट काम केलं. उसाच्या रसातून दाणा वेगळा काढायची विद्या आपल्याच देशातली, फार जुनी. पण दाणा निघाला तरी त्याला मळी चिकटलेलीच राहायची. ती सोडवण्यासाठी जगभरातली डोकी झिजली. 1813 मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात कमी आचेवर रस आटवायची युक्ती काढली. 1852 मध्ये हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टनने गरगर फिरून मळी फेकून देणारं यंत्र साखरेच्या कामाला जुंपलं. आपल्याकडचे बहुतेक कारखाने तर रसाला गंधकाचा धूर देऊन तो उजळतात. इतक्या यातायातीनंतर साखर आणि मळी यांची फारकत झाली. आणि आता? परदेशात ब्राउन शुगर म्हणून जी विकली जाते, तिच्यातली पुष्कळशी म्हणजे स्वच्छ पांढऱ्या साखरेला पुन्हा मळी फासून केलेली साखर. ज्या वकिलाने घटस्फोट मिळवून दिला त्यानेच मुहूर्त काढून पुन्हा लग्न लावावं आणि फी दोन्ही वेळची घ्यावी, असा हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्राला यावर हसायचा अधिकार नाही. पांढऱ्या दाण्यावर आपण अख्खं राज्य उभं केलंय. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन प्रवरेकाठी सहकारी कारखाना काढला, 1950 च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं, आणि मग गावोगाव धुराडी उभी राहिली. या कारखान्यांतून संचालक निघाले, आमदार निघाले, मंत्री निघाले. गुऱ्हाळातून फक्त गूळ निघाला.

तशी आमची गुळाची पेठ खानदानी आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती या व्यापारासाठीच. अजूनही दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, तीस-तीस किलोचे रवे ओळीने मांडले जातात, आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण मान साखरेलाच. आई सांगते, तिच्या लहानपणी घरच्यांना गुळाचा चहा आणि पाहुण्यांना साखरेचा. रेशनवर मिळालेली साखर डब्यात कुलूप लावून ठेवायची, कारण कधी कुणाकडची मंडळी मुलगी बघायला येतील सांगता येत नाही. त्यांच्यापुढे गुळाचा चहा ठेवला असता तर मुलगी नापसंत झाली नसती, पण हुंडा वाढला असता. आज त्याच गुळाच्या चहाच्या पाट्या हमरस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरला लागतात आणि कप साध्या चहापेक्षा महाग पडतो. आईला एकदा हौसेने तिथे नेलं. तिने पाटी वाचली, दर वाचला आणि म्हणाली, "पैसे मोजून गरिबी प्यालायसा व्हय रे?"

वहिनींना फोनवर माझा शब्द पुरेना. गूळ 'सोर्स'वर बघायचा म्हणून हंगाम सुरू झाल्यावर त्या स्वतः आल्या. आम्ही त्यांना पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेलो. एका बाजूला चरक्यात ऊस चाललेला, दुसरीकडे चुलवाणात वाळली चिपाडं ढकलणारा जळव्या, मधे परातीची आजी म्हणावी एवढी काहील आणि तिच्यात उसळणारा रस. रानभेंडीच्या काड्या ठेचून त्यांचा चीक रसात सोडला की सगळा गाळ फेसाबरोबर वर येतो. काळपट हिरवी साय धरते, ती मोठ्या झाऱ्याने भराभर काढायची. त्यानंतर रस पिवळा होतो, मग तांबूस, मग बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. गुळव्या चमचाभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी कशी झाली यावर हजारभर लिटर रसाचं नशीब ठरतं. हाताशी थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. वहिनींच्या ओव्हनला अकरा बटणं आहेत आणि तरीही त्या दर दोन मिनिटांनी आत डोकावतात. त्यांनी त्या माणसाकडे फार आदराने पाहिलं.

"मामा, केमिकल घालत नाही ना?"

"न्हाई वैनी. चुना आणि भेंडी, बास."

"चुना म्हणजे केमिकलच की," असं वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. रसाचा आंबटपणा मोडायला चुना लागतोच, आणि शास्त्र बघायला गेलं तर पाणीसुद्धा केमिकलच. पण हे मी तिथे बोललो नाही. बाल्कनी नव्हती.

मामांनी मग मनातलं सांगितलं. गूळ पिवळाधमक हवा, ही मागणी गिऱ्हाइकाचीच. पिवळ्याला दर जास्त, म्हणून त्यात रंग उजळणारी हायड्रॉसची भुकटी पडू लागली. "आता तुमच्यासारखी माणसं येत्यात. आधी गूळ काळा पडला की मालक माझी आई-बहीण काढायचा. आता तोच म्हणतोय, मामा, अजून जरा काळा येऊ दे." काळा गूळ सेंद्रिय असू शकतो हे खरं, पण करपलेला गूळसुद्धा काळाच असतो, आणि लेबल दोघांनाही चिकटतं. त्याहून मोठी गंमत बाजारात ऐकू येते. साखर स्वस्त आणि गूळ तेजीत असला की काही ठिकाणी काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात, अशी ओरड आमच्याकडे अधूनमधून होत असते. म्हणजे साखर टाळणाऱ्या माणसाने दुप्पट पैसे देऊन गूळ घ्यायचा, आणि साखरेने मागच्या दाराने त्याच्याच घरात शिरायचं.

निघताना चहा आला. साखरेचा. वहिनी दचकल्या. "गुळाचा केला की दूध फाटतंय," मामा म्हणाले. "त्याला चहा उतरल्यावर गूळ घालायला लागतोय. एवढा टाइम कुणाला हाय?"

घरी नेलेल्या रव्याचं पुढे पुण्यात जे झालं, त्याला मी साक्षीदार आहे. आधी बत्त्याने फोडणे. मग विळीवर बारीक चिरणे. नंतर ताटात पातळ पसरून, वर मलमल घालून, दोन दिवस ऊन आणि पंखा. पहिल्या दिवशी सोसायटीतल्या मुंग्यांची सर्वसाधारण सभा भरली. दुसऱ्या दिवशी ताट पाण्याच्या परातीत ठेवल्यावर त्या पलीकडच्या काठावर थांबून आशेने बघत राहिल्या. मिक्सरचं भांडं तासभर फ्रीजमध्ये, म्हणजे पात्याची गरमी गुळाला उशिरा लागेल. वहिनींचं सगळं तंत्रशुद्ध असतं. फक्त भांडं कुठलं, हे बघायचं राहून गेलं होतं. त्यात आदल्या रात्री लसणाची चटणी झाली होती.

मिक्सर लावला. पहिले दोन झटके सुरेख गेले, भुरभुरीत तांबूस धूळ उडाली, झाकणाच्या कडेने बाहेर आली आणि ओट्यावरच्या गणपतीच्या नाकावर बसली. तिसऱ्या झटक्याला आवाज बदलला. मिक्सरचा नेहमीचा चिरका सूर जाऊन त्याला कण्हल्यासारखा घोगरा सूर लागला, आणि मग तो थांबला. झाकण काढलं तर वरच्या निम्म्यात भुकटी आणि खालच्या निम्म्यात पात्याला घट्ट मिठी मारून बसलेला गोळा. चमच्याने तो सोडवायचा, आरारूट टाकायचं, पुन्हा फिरवायचं. कॉर्नफ्लोअर वहिनींनी हद्दपार केलंय, ते 'प्रोसेस्ड' म्हणून. आरारूट कुठल्या झाडाला पावडर होऊनच लागतं, हा प्रश्न पुतणीने विचारला. तिला अभ्यासाला बसवण्यात आलं.

सगळं चाळून झाल्यावर चाळणीवर जास्त उरलं, खाली कमी पडलं. खाली पडलेलं बरणीत भरलं, लेबल लावलं, तारीख घातली. नेमका पुढचा आठवडा पावसाळी निघाला. चार दिवसांनी बरणी उघडली तर आत बरणीच्या आकाराची एक नवी, छोटी, सुबक ढेप तयार! कोल्हापूरहून आणलेली ढेप फोडून, वाळवून, दळून, चाळून पुण्यात पुन्हा ढेप. फरक इतकाच, की हिला लसणाचा वास होता.

वहिनी हार मानणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी अभ्यास वाढवला आणि मधला मार्ग काढला तो खांडसारीचा, कच्च्या तपकिरी साखरेचा. हे मात्र खरोखर जमतं, कुणाला करायचं असेल तर सांगून ठेवतो. इथे दाणा असतो आणि मळीचा नुसता पातळ थर त्याच्या अंगावर असतो, त्यामुळे तो गुळासारखा चिकटत नाही. साखर आधी कढईत किंवा कोमट ओव्हनमध्ये कोरडी करायची, पूर्ण गार होऊ द्यायची, भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, सलग न फिरवता झटके द्यायचे आणि झाकण लगेच उघडायचं नाही. धूळ खाली बसू द्यावी, नाहीतर घरातली सगळी चष्मेवाली माणसं गोड होतात. मग चाळायचं, चमचाभर आरारूट घालायचं आणि जेमतेम आठवडाभराचीच पिठी करायची. रंग खाकी येतो, वास काकवीचा. महाग पडते, पण 'नो गिल्ट' म्हटल्यावर भाव करता येत नाही.

आता तब्येतीचा हिशेब. गुळात लोह असतं, थोडी खनिजं असतात, हे खरं. पण ती अंगी लागण्याइतका गूळ खायचा तर आधी बाकीचं पुष्कळ अंगी लागेल. साखर काय, गूळ काय, खांडसारी काय, ग्रॅमला साधारण चार कॅलरी. जो थोडा फरक पडतो तो बहुतेक गुळातल्या पाण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, की दिवसाच्या एकूण उष्मांकातले दहा टक्क्यांहून कमी वरून घातलेल्या गोडातून यावेत, पाच टक्क्यांखाली आणता आले तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम सहा चमचे. त्यात मधसुद्धा धरलाय. त्या कागदात पिठीचा रंग कुठला, ती कुणी दळली आणि दळताना किती घाम गाळला, याला सवलत नाही.

दादाला हे पटत नाही. पांढऱ्या साखरेच्या नानकटाया असताना तो दोन खायचा आणि तिसरीकडे बघून सुस्कारा टाकायचा. खाकी पिठीच्या आल्यापासून तो मोजत नाही. "अनरिफाइंड आहे रे," म्हणत हात पुन्हा डब्यात. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून आकडा दाखवला. दादाने सांगून पाहिलं, की हे सगळं घरी दळलेल्या कच्च्या साखरेचं आहे. डॉक्टर सज्जन. ते म्हणाले, "रिपोर्टात सेंद्रियचा वेगळा रकाना नसतो."

माझं विचाराल तर मी वहिनींच्या बाजूने आहे, फक्त त्यांच्या लेबलाच्या बाजूने नाही. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि डालडा पिशवीत भरून गल्लीतल्या बेकरीसमोर रांग लावायची. बेकरीवाला आपल्यासमोर पीठ मळून पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया थापायचा, नावाची चिठ्ठी ट्रेखाली सरकवायचा आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या डब्यात दहा-वीस हमखास दुसऱ्याच्या निघायच्या. त्या नानकटायांना वास वेलदोड्याचा असायचा, चव निव्वळ गोड. वहिनींच्या खाकी नानकटाईला स्वतःची चव आहे. आधी तूप येतं, मग भाजल्या काकवीचा किंचित कडवट खमंगपणा, आणि शेवटी जिभेवर गुऱ्हाळावरचा धूर राहतो. ओव्हन दहा-एक अंश कमी ठेवावा लागतो, कारण ही पिठी लवकर लाल होते. दुसऱ्या दिवशी नानकटाई जराशी मऊ पडते, पण तोवर ती उरायला हवी ना! चांगली लागते, एवढं कारण माणसाला का पुरत नाही, कोण जाणे. त्यासाठी तब्येतीची साक्ष काढावी लागते, आणि साक्षीदार फुटतो तो लॅबमध्ये.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा वहिनींकडे वाढदिवसाच्या केकची ऑर्डर होती. गव्हाचं पीठ, घरचं लोणी, खाकी पिठी, सगळं लेबलाप्रमाणे. केक तयार झाल्यावर त्यांनी कपाटाच्या मागून एक लहान डबी काढली आणि बारीक चाळणीतून वर पांढरीशुभ्र पिठी भुरभुरवली.

"वहिनी, ही कुठली?"

"रिफाइंड," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपली पिठी केकच्या रंगात मिसळून जाते, फोटोत दिसतच नाही. फोटोपुरती आहे ही, भाऊजी."

"आणि फोटो काढून झाल्यावर?"

"झाल्यावर काय, केक कापतात."